चौथा गडी

डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकून राहायचं आणि दिवसभर पायी भटकायचं, हा साखरा गावच्या बालाजीचा उभ्या जन्मातला पहिला बेत. सोबत दोन मित्र. पण तिघांनी मिळून घराबाहेर पडणं अपशकुनी, म्हणून आई मंजुळाबाई म्हणाली, "खिशात एक दगड टाक, म्हंजे तुमी चौघं झाले." बालाजी पडला विज्ञानाचा मास्तर. तो कसला दगड नेतो! पण तिघांनीच निघायची छातीही होईना. मग त्यानं चौथा म्हणून बहीण कोमलच्या नवऱ्याला, माऊलीदाजींना बोलावलं.

इथंच सगळं फिसकटलं. घरच्या जावयाला पायी चालवायचं कसं? जीप ठरली. जावयाच्या पानात खिचडी कशी वाढायची? पुरणपोळीसाठी मावशी निघाली. कोमल मागं कशी राहील? आणि तिच्या सासू-सासऱ्यांना विचारलं नाही तर ते जन्मभर रुसून बसतील.

निघायच्या सकाळी जीप गच्च भरली. मित्र कधीच गळाले होते. बालाजी पाठीवर तंबू घेऊन खाली उभा.

"तुमी काहून थांबले?" दाजींनी आतून विचारलं. "या की मागून!"

जीप गेली. मंजुळाबाई म्हणाली, "दगडच न्यायचा व्हता, लेकरा. त्याला मानपान लागत न्हाई."