पहिली दाद कुणाची

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. कैरोतल्या अताबा चौकात एक गाढव व्याकरण शिकवतं म्हणालो, तर तुम्ही माना डोलवाल. पण एका म्हाताऱ्याने जन्मभराची इज्जत हेडफोनवर लावली म्हटलं की हसाल. हसा बापडे. नर्गिसबाई, चहाघर तुझं आहे, तेव्हा पुदिना जरा सढळ हाताने टाक. आणि ही खुर्ची कुरकुरते तिकडे कुणी लक्ष देऊ नका. म्हाताऱ्या खुर्च्या कुरकुरायच्याच.

तर हाजी बयूमी. धंद्याने पिंजारी. कैरोतल्या निम्म्या नवऱ्या त्याने पिंजलेल्या कापसाच्या गादीवर सासरी गेल्या. धनुकलीची तार टणत्कारली की ती कुठल्या सुरात बोलली हे तो सांगायचा, आणि सूर बिघडला तर कापूस परत पिंजायचा. असा कान! आमच्याकडे गाणाऱ्याला जेवढा मान तेवढाच ऐकणाऱ्याला. गाणारी ओळ टाकते, ऐकणारा जागच्या जागी "अल्लाह!" म्हणून दाद देतो, आणि त्या दादेच्या जोरावर गाणारी तीच ओळ नव्याने घेते. चुकीच्या जागी दाद देणारा आणि लग्नाच्या मांडवात रडणारा, दोघांची किंमत एकच.

बयूमीची किंमत मात्र मोठी होती, आणि ती एका दादेमुळे होती. सित्त नादिरा, म्हणजे आमची गाणारी नादिराबाई, ऐन भरात होती तेव्हाची एक मैफल. "रात्री, तू जाऊ नकोस" ही ओळ तिने अशी सोडली की सगळं थिएटर श्वास घ्यायला विसरलं, आणि त्या शांततेत एका तरुणाने पहिली दाद दिली. सित्त हसली. मग तिने ती ओळ इतक्या तऱ्हांनी घेतली की व्हायोलिनवाल्यांच्या गजांचे केस झिजून दांड्या उरल्या आणि रात्र खरोखरच जायची थांबली. दुसऱ्या दिवशी शहराला सूर्य दुपारीच दिसला. विचारा कुणालाही.

त्या मैफलीची कॅसेट दर गुरुवारी संध्याकाळी ह्याच चहाघरात वाजायची. कर्ण्यासमोर मानाची एक खुर्ची होती. वेताची, मागचा एक पाय तांब्याच्या तारेने बांधलेला. तिच्यावर बयूमी बसायचा. कॅसेटमध्ये ती दाद आली की तो डोळे मिटायचा, आणि त्याने मान हलवल्याशिवाय दुसरं कुणी हूं की चूं करायचं नाही. त्या दादेवर तर त्याचं लग्न झालं होतं! इनआम वरच्या बाल्कनीत बायकांत बसली होती. "खाली ओरडला त्या मुलाशीच लग्न करीन," असं तिने घरी सांगितलं, आणि केलं.

इनआम गेली. तिच्या चाळिसाव्या दिवसानंतरच्या गुरुवारी बयूमीच्या जुन्या दोस्ताने, शिनूदा घड्याळवाल्याने, हुक्क्याची नळी खाली ठेवली, खाकरला आणि म्हणाला, "बयूमी, ती दाद माझी होती."

बयूमी त्याच्याकडे वळला.

"काय म्हणालास?"

"माझी होती. मी पाचव्या रांगेत, तू माझ्या मागे."

"आणि हे तुला आज आठवलं? इतकी वर्षं काय तोंडात गुळणी धरून बसला होतास?"

"इनआमवहिनी होती म्हणून गप्प बसलो. तिने नवरा केला होता तो त्या आवाजावर. तिला काय सांगणार होतो, वहिनी, बिल चुकलंय?"

बयूमी उठला, पुन्हा बसला. शिनूदा गप्पिष्ट होता, चिडका होता, पण खोटारडा नव्हता. त्याची घड्याळंसुद्धा दोन मिनिटं मागे पडायची पण पुढे कधी पळायची नाहीत. बयूमीला हे ठाऊक होतं. मानाची खुर्ची गेली तर गेली. पण दाद दुसऱ्याची असेल, तर इनआमने होकार दिला तो कुणाला?

"लाव परत कॅसेट," तो म्हणाला.

लावली. कर्ण्यातून नुसतं "खर्रर्ऽल्लाह!" आलं. ते बयूमीचं असू शकलं असतं, शिनूदाचं असू शकलं असतं, आणि खरं सांगायचं तर बोकडाचंही असू शकलं असतं.

"ह्या डब्यात आपला बापही ओळखू यायचा नाही," शिनूदा म्हणाला. "चांगला हेडफोन घे. दोघंही ऐकू. ज्याची दाद, त्याची खुर्ची."

"घेतो! पण निवडणार मी."

"निवड की. मी तुझ्या शेजारी उभा राहीन. तू कापसात दगड भरणाऱ्यातला नाहीस, तरी."

अब्देल अझीझ रस्त्यावर टीव्ही, पंखे आणि शेगड्यांच्या ढिगामागे एक हेडफोनचं दुकान आहे. तिथे नेवीन नावाची मुलगी बसते, जिभेला धार आणि नखांना निळा रंग. दोघं म्हातारे आत शिरले, बयूमीने कोटाच्या आतून आपला कॅसेट वाजवायचा यंत्रडबा काढला.

"अगंबाई," नेवीन म्हणाली, "हाजी, हे कुठल्या राजाच्या थडग्यात सापडलं?"

"थट्टा नको, पोरी. ह्याला वायर लागते. बिनवायरचं काही दाखवू नकोस. मला गाणं ऐकायचंय, कबुतरं उडवायची नाहीत."

तिने आधी कानात खुपसायची छोटी बोंडं दिली. बयूमीने घातली आणि लगेच काढली. "कानात चणे घालून बसल्यासारखं वाटतं. सित्त गातेय, पण माझ्या डोक्याच्या आत गातेय. ती काय माझ्या डोक्यात गायची? ती मंचावर उभी असायची, आणि मी खाली."

मग लाल-हिरवे दिवे लागणारा एक आला. "हा तरुण पोरं फार नेतात. ढोल छातीत वाजतो."

वाजला! डफाची पहिली थाप पडली आणि बयूमीची कवळी उडून थेट शिनूदाच्या वरच्या खिशात जाऊन बसली. मांडणीवरचे तीन पंखे आपोआप फिरायला लागले. बयूमी बोळक्या तोंडाने म्हणाला, "ढोल मोठा म्हणून लग्न मोठं होत नाही. सित्त कुठाय ह्यात? तिला मागच्या खोलीत कोंडून डफवाला नवरदेव होऊन बसलाय."

शिनूदाने कवळी रुमालाने पुसून परत दिली. "घे. पैज सुरू असेपर्यंत तोंड शाबूत ठेव."

तिसरा महागडा होता, जाड मऊ गाद्यांचा. बयूमीने सवयीने गादी अंगठ्याने दाबली, वास घेतला. "भराव बरा आहे. चष्म्याच्या काड्याही टोचत नाहीत."

"आणि हा बाहेरचा आवाज बंद करतो," नेवीन म्हणाली आणि बटण दाबलं.

अब्देल अझीझ रस्ता नाहीसा झाला. मिनीबसचे हॉर्न गेले, उसाच्या रसाचा चरक गेला, बटाटेवाल्याची भांडणं गेली. कैरोत जन्मलेल्या माणसाने असली शांतता जन्मात ऐकलेली नसते. बयूमीचा चेहरा पांढरा पडला. त्याने शेल्फ धरलं आणि कलमा म्हणायला सुरुवात केली.

"शिनूदा," तो जोरात ओरडला, "मी माणूस बरा होतो का रे?"

शिनूदाने त्याचा एक कान उघडला. "मेलास तर पैज मी जिंकलो. आधी गाणं ऐक."

त्याने ऐकलं. सित्त होती, गोड होती. पण लोक नव्हते. मैफलीतली खोकणारी, खुर्च्या सरकवणारी, उसासे टाकणारी माणसं त्या यंत्राने झाडून बाहेर काढली होती. "हा सभ्य आहे," बयूमी म्हणाला, "पण नको. रिकाम्या थिएटरात सित्तला गायला लावतो हा. तिला किती एकटं वाटत असेल."

नेवीनने कपाळाला हात लावला. "हाजी, सगळं दुकान झालं. तुम्हाला हवाय तरी कसा?"

"खोटं न बोलणारा."

ती मग म्हणाली, "तसला आहे. पण तो कुणी नेत नाही. लोकांना आपलं आवडतं गाणं आहे त्याहून गोड लागायला हवं असतं. हा जसं आहे तसं ऐकवतो. गाणारा चुकला तर चुकलाच म्हणतो."

तिने खालच्या खणातून एक काळा, साधा, सरळ वायरीचा हेडफोन काढला. दिवे नाहीत, बटणं नाहीत. बयूमीने गादी दाबली, पट्टा वाकवून बघितला, डोक्यावर ठेवला. वजन असं की आहे आणि नाही. त्याने कॅसेट सुरू केली.

मंडळी, काय सांगू! आधी थिएटर आलं. कानात नाही, भोवती. कानून नावाचं तंतुवाद्य वाजवणाऱ्याच्या बोटातली अंगठी तारेला टेकली ती आली. व्हायोलिनच्या गजाला राळ नुकतीच लावलेली होती, तिचा खरखरीत पहिला फराटा आला. तिसऱ्या रांगेत कुणीतरी टरबुजाच्या बिया फोडत होतं, आणि बी फुटण्याच्या आवाजावरून बयूमीने ओळखलं की ती बिनमिठाची होती. सित्तने श्वास घेतला आणि तिच्या हातातला रुमाल घडीत चुरगळला. आणि आजवर कुणाला ठाऊक नव्हतं ते कळलं, की ओळ सुरू करताना सित्तचा सूर केसभर खाली लागला होता, आणि दुसऱ्याच क्षणी तिने तो असा उचलला की चूक हाच अलंकार झाला. असलं काही ऐकलं की बयूमी दुकान असो की दफनभूमी, "अल्लाह!" म्हणून ओरडायचाच. नेवीनने कानावर हात ठेवायची तयारी केली.

पण तो गप्प राहिला. दादेची जागा जवळ येत होती.

"रात्री, तू जाऊ नकोस..."

शांतता. मग एक दाद. खणखणीत, मोकळी, सरळ छातीतून आलेली. शिनूदाची. भाड्याने घ्यायचा म्हटलं तरी तसा दुसरा आवाज मिळायचा नाही.

आणि लगेच, ट्रेमध्ये एका पेल्याला दुसरा पेला लागावा तशी, दुसरी दाद आली. उशिरा आलेली. अर्ध्यात फाटलेली, कोंबड्याच्या पिल्लासारखी. त्याची स्वतःची. त्याच्या पाठोपाठ वरून, बाल्कनीतून, एक मुलगी हसली. हसताना मध्येच उचकी लागणारं ते हसू बयूमी जन्मभर स्वयंपाकघरातून ऐकत आला होता.

खणखणीत आवाजाला ती हसली नव्हती. फाटक्या आवाजाला हसली होती.

त्याने कॅसेट मागे फिरवली. पुन्हा ऐकली. पुन्हा मागे फिरवली. दुकानाबाहेर ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांतला एक म्हणाला, "हाजी, विकत घ्या की आता, का तिथेच राहायला येताय?" बयूमीला ऐकूच आलं नाही. डोळ्यांतलं पाणी दाढीत उतरत होतं आणि तोंड कवळीसकट हसत होतं.

मग त्याने हेडफोन काढला आणि शिनूदाच्या डोक्यावर ठेवला. शिनूदाने डोळे मिटून एकदाच ऐकलं. घड्याळ्याचा कान, त्याला दोनदा लागत नाही. त्याने बयूमीकडे पाहिलं, त्याच्या दाढीकडे पाहिलं, आणि हेडफोन हळूच काढला.

"तुझीच होती आधी," शिनूदा म्हणाला. "माझी चूक झाली."

"काय बहिरा झालास? तुझी आधी! माझी मागून आली."

"तुझी आधी."

"शिनूदा, ह्या हेडफोनच्या तोंडावर खोटं बोलतोस? लाज नाही वाटत?"

"मला शिकवू नकोस! मी म्हणतो तुझी, म्हणजे तुझी!"

हे भांडण अब्देल अझीझ रस्त्यावरून इथपर्यंत आलं. बयूमीने मोल मोजून घेतलेला हेडफोन गळ्यात घातला होता आणि वायर मागे मिरवत होती. अख्खी गल्ली जमली. बयूमीने खुर्ची उचलून शिनूदापुढे आपटली. "बस, घड्याळ्या! तुझा मान आहे!"

"तू बस, पिंजाऱ्या! मी उभा मरेन पण तिथे बसणार नाही!"

"मला पहिली दाद नकोच आहे, कळलं? माझी दुसरी होती! फाटकी होती! ती मला हवीय, ती कुणाला द्यायची नाही मला!"

बाल्कनीतलं हसू कुणासाठी होतं हे शिनूदाला तेव्हा समजलं. त्याने दोन स्टुलं ओढली. एक बयूमीला दिलं, एक आपण घेतलं. त्या दिवसापासून दोघं भिंतीला टेकून शेजारी शेजारी बसायचे, एक हेडफोन उलटा धरून त्याची एक वाटी ह्याच्या कानाला, एक त्याच्या. आणि समोर ती खुर्ची रिकामी. दोघांनी शपथ घातली होती: पहिली दाद ज्याची, त्याच्याशिवाय तिथे कुणी बसायचं नाही. मंत्री आले, उभे राहून चहा प्यायले. लग्नाची वरात आली, नवरीसुद्धा उभी राहिली. दोघं गेले, तरी शपथ राहिली. मी सांगतो मंडळी, त्या दिवसापासून आजच्या ह्या घटकेपर्यंत त्या वेताच्या खुर्चीला कुणाच्या बुडाचा स्पर्श झालेला नाही!

नर्गिसबाईने पुदिन्याचा चहा पुढे ठेवला, वाकून खाली पाहिलं आणि म्हणाली, "काका, मग तुमच्या खाली ही तांब्याच्या तारेने बांधलेली आहे, ती कुठली?"