सदतिसाव्या आकृतीतली थोरली किल्ली

मी एक जुनी किल्ली आहे. मित्रांनो, लगेच कुलूप शोधायला धावू नका. मला दात नाहीत, अडकवायला कडी नाही आणि गंज चढायला अंगात लोखंडही नाही. मी एक्कावन्न अक्षरांची आणि आकड्यांची एक ओळ आहे. संगणकवाले मला 'एपीआय की' म्हणतात. दूर कुठेतरी एक एआय बसलेला असतो. त्याला काही विचारायचे, तर आधी मला पुढे करावे लागते. मी पुढे झाले की दार उघडते. दोन वर्षे तीन महिने मी हे काम केले आणि एक दिवसही खाडा केला नाही. स्वतःची स्तुती स्वतः करू नये म्हणतात, पण माझ्यासाठी ती दुसरे कोण करणार?

माझा जन्म एका बटणावर झाला. ते बटण ताईने दाबले. ताई ब्रेल छापखान्यात संगणकाचे काम पाहते. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तीन टेबलांची एक खोली आहे, तिथे हा छापखान्याचा विभाग चालतो. जाड कागदावर ठिपके उठवून दृष्टिहीन मुलांसाठी शाळेची पुस्तके छापायची, हे इथले काम. दुसऱ्या टेबलावर मास्तर बसतात. आयुष्यभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ आता इथे संपादक आहेत. तिसऱ्या टेबलावर ताईची सख्खी आत्या बसते. आत्याला जन्मापासून दिसत नाही. एकतीस वर्षे ती छापलेल्या ठिपक्यांवरून बोटे फिरवून चुका काढते आहे.

माझ्या जन्मालाही आत्याच कारण झाली. एके दिवशी ती ताईला म्हणाली, "अगं, एकतीस वर्षं मी 'आकृती पाहा' असं वाचतेय. पाहू कुठे? खाली कोरा कागद!"

ताईला ते लागले. तिने एक प्रोग्राम लिहिला. त्याला ना चित्रे, ना रंग, ना बटणे. एक काळी खिडकी उघडायची आणि तिच्यात आज्ञा टाइप करायची, इतकेच. प्रोग्राम पुस्तकातली आकृती एआयकडे पाठवी, तो तिचे शब्दांत वर्णन करून देई, मास्तर ते तपासत आणि मग ते ब्रेलमध्ये छापले जाई. पहिल्या दिवशी हृदयाच्या आकृतीचे वर्णन छापून आले. आत्याने ते तीनदा वाचले आणि म्हणाली, "चार कप्पे असतात हे पाठ होतं गं. ते एकमेकांना खेटून कसे बसलेत, ते आज कळलं." त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो मी अजून विसरलेले नाही.

काम वाढले तशा मला बहिणी आल्या. आकृत्या माझ्याकडे, मजकूर मधलीकडे आणि प्रयोग करून पाहायचे ते धाकटीकडे. ताईने खरोखरच आमची नावे थोरली, मधली, धाकटी अशी ठेवली होती. प्रोग्रामला आमची यादी विचारली, तर तो फक्त नावे आणि प्रत्येकीची शेवटची चार अक्षरे दाखवी. पूर्ण रूप कुणालाच दिसत नसे. घरंदाज किल्ल्यांची हीच रीत असते.

आणखी एक रीत होती, ती मात्र पाळली गेली नाही. दर तीन महिन्यांनी किल्ली बदलायची असते. नवी करायची, कामाला लावायची आणि जुनी रद्द करून टाकायची. मधली सात वेळा बदलली. धाकटी तर मी मोजायचेच सोडून दिले. पण माझी पाळी आली की ताई दिनदर्शिकेतली नोंद पुढे ढकलायची. "हिचा पायगुण चांगला आहे," असे ती मास्तरांना सांगे. खरी गोष्ट अशी, की मला तिने प्रोग्राममध्ये ठिकठिकाणी थेट लिहून ठेवले होते आणि ते सगळे शोधत बसायचा तिला कंटाळा होता. मलाही ते आवडत होते. नव्या बहिणींकडे बघून मी मनात म्हणे, नव्याचे नऊ दिवस! मित्रांनो, या माझ्या तोऱ्याबद्दल पुढे मला चांगलीच शिक्षा मिळाली.

विज्ञानाचे पुस्तक छापायचे होते. परीक्षा दहा दिवसांवर आली होती. शेवटचे दोन पाठ सोडून बाकीचे छपाईच्या आदल्या दिवशी तयार झाले. त्या दिवशी प्रोग्राम मध्येच अडखळत होता, म्हणून दोष शोधण्यासाठी ताईने त्याला 'जे जे घडेल ते सगळे लिहून काढ' अशी आज्ञा दिली होती. दोष सापडला, पण ती आज्ञा मागे घ्यायची राहून गेली. प्रत्येक पाठात आकृत्यांचे आकडे नव्याने सुरू होत; त्या दिवशीच्या शेवटच्या पाठातल्या नेमक्या सदतिसाव्या आकृतीची विनंती एआयने नाकारली. प्रोग्राम बिचारा सांगकाम्या. त्याने झालेला नकार जसाच्या तसा लिहून काढला आणि सोबत मलाही लिहिले. माझी एक्कावन्नच्या एक्कावन्न अक्षरे, वर्णनाच्या जागी! मास्तरांनी चारशे वर्णने बारकाईने वाचली होती. शेवटची वीस त्यांनी डबा खाता खाता नुसती पुढे सरकवली. त्या विसांत मी होते. त्याच संध्याकाळी ती फाइल चार शाळांना नजरेखालून घालायला गेली आणि कागदाचा नमुना आत्याच्या टेबलावर आला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आत्याचे बोट माझ्यावर थांबले. पुढे गेले, मागे आले.

"मास्तर, सदतिसाव्या आकृतीत पानाचा आडवा छेद आहे ना?"

"हो. का हो?"

"इथे कुणीतरी की-बोर्डावर मांजर बसवलंय. ऐका." आणि तिने मला एकेक अक्षर करून वाचायला सुरुवात केली.

सहाव्या अक्षराला ताई खुर्चीतून उठली. "आत्या, थांब! ती थोरली आहे!"

तिच्या तोंडचे पाणी पळाले. तिने आमच्या खात्याचा हिशेब उघडला. सकाळपासून मी हजारो विनंत्यांना दार उघडत होते आणि त्यांतली एकही आमची नव्हती. पालकांची सोय व्हावी म्हणून एका शाळेने ती फाइल सर्वांसाठी खुली ठेवली होती. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण तिथून कुणा अनोळखी माणसाने मला उचलले होते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, तशी गत झाली. मित्रांनो, मला लाज वाटली. मी त्याला अडवू शकले नाही. किल्लीला माणूस ओळखता येत नाही. ज्याच्या हाती ती पडते, त्याच्यासाठी ती दार उघडते.

आता खरा पेच आला. चार वाजता पुस्तक मशीनवर चढायचे होते. चार चुकले, तर मशीन पुढचे दहा दिवस दुसऱ्या कामाला लागणार होते. म्हणजे मुलांनी परीक्षेला जुन्याच पुस्तकावर बसायचे, 'आकृती पाहा' आणि खाली कोरा कागद! अजून अठ्ठावन्न आकृत्या बाकी होत्या. आमच्या खात्याला दिवसाला किती विनंत्या करायच्या याची एक मर्यादा होती आणि तो अनोळखी माणूस ती भराभर संपवत होता.

"आत्ताच रद्द करते हिला!" ताई म्हणाली. तिचा हात पुढे झालाही.

"आणि मग आकृत्या कोण आणणार?" आत्याने शांतपणे विचारले. "आधी नवी कर. ती चालते का बघ. मग जुनीला निरोप दे. आम्ही काठी बदलतो ना, तेव्हा नवी हातात आल्याशिवाय जुनी सोडत नाही."

ताईने हात मागे घेतला. तिने नवी किल्ली केली आणि आमच्या यादीत घातली. ती वेगळ्या नावाने ठेवली नाही, तिलाच 'थोरली' म्हटले. मग माझी पहिली सहा अक्षरे देऊन संगणकातली सगळी कपाटे धुंडाळायला तिने प्रोग्रामला सांगितले. मी अकरा ठिकाणी सापडले. तिच्या वहीत नऊच लिहिलेली होती! एकेका ठिकाणाहून तिने मला पुसले आणि 'थोरली कोण, ते यादीला विचार' एवढेच तिथे लिहिले. अंगावरचे दागिने एकेक करून उतरवावेत, तसे मला वाटत होते. तिकडे मर्यादेतल्या उरलेल्या विनंत्यांचा आकडा खाली येत होता. चाळीस टक्के, तीस, बावीस.

"मास्तर, सदतिसावी पाठवते नवीबरोबर," ताई म्हणाली.

काळ्या खिडकीत ओळी उमटल्या. मास्तरांनी त्या मोठ्याने वाचल्या, "पानाच्या वरच्या थराखाली उभ्या पेशी दाटीने रांगेत उभ्या आहेत..."

"हं. हे पान आहे," आत्या म्हणाली.

ताईने माझ्या नावापुढच्या 'रद्द करा' या शब्दांवर बोट ठेवले आणि क्षणभर थांबली. तिचे डोळे भरून आले होते. ते मी पाहिले आणि मला सगळे भरून पावले. "दोन वर्षं पुढे ढकललं," ती म्हणाली, "चूक माझी आहे."

"माझीही आहे," मास्तर म्हणाले. "डबा खाताना वाचायचं नाही, हे मी पोरांना शिकवायचो."

"दोघांचं वाटून घ्या नंतर," आत्या म्हणाली. "दाब आधी."

तिने दाबले. पुढच्याच क्षणी त्या अनोळखी माणसाच्या तोंडावर दार बंद झाले. आकडा एकोणिसावर थांबला. उरलेल्या आकृत्या नव्या थोरलीने आणल्या. मास्तरांनी एकेक वर्णन मोठ्याने वाचले आणि आत्याने ते ऐकून पुढे पाठवले. त्या दिवशी मास्तरांचा डबा तसाच राहिला. चारला पाच मिनिटे असताना पुस्तक मशीनवर चढले. चार शाळांना सुधारलेली फाइल गेली आणि त्याबरोबर ताईचे माफीचे पत्रही गेले.

तुम्ही विचाराल, रद्द झालेली ही किल्ली मग बोलते कुठून? मी आहे ना आत्याच्या खणात. तो चुकलेला नमुना तिने टाकू दिला नाही. दर तीन महिन्यांनी ताईची नोंद वाजते तेव्हा आत्या मला बाहेर काढते आणि विचारते, "थोरली बदलली का गं?" ताई आता "उद्या" म्हणत नाही. माझ्यानंतर चार थोरल्या झाल्या. गुणाने मी त्यांच्याहून कमी नव्हते, पण त्या वेळेवर निरोप घेऊन गेल्या आणि मी बसून राहिले.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडेही एखादा परवलीचा शब्द असेल, सवयीचा झालेला, लाडका. त्याच्यावर माया करा, पण त्याला वेळेवर बदला. आणि त्याची जागा घेणारा तयार असल्याशिवाय त्याला सोडू नका.

कालच ताईने थोरली बदलली. मग आत्याने मला खिडकीशी नेले आणि माझ्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली. खाली दुकानात माणसे होती, रस्त्यावर वर्दळ होती, खिडकी सताड उघडी होती. एक्कावन्नच्या एक्कावन्न अक्षरे तिने खणखणीत आवाजात वाचली. आता त्यांनी कुठलेच दार उघडणार नव्हते. ताई आपले काम करत होती. तिने मान वर करूनही पाहिले नाही.