माझ्या अंगावरून गेलेली पांढरी रेघ

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. कोल्हापुरातल्या एका कॉलनीच्या बागेत, करंजाच्या झाडाखाली मी एकतीस वर्षं आहे. माझे लोखंडी पाय उद्यमनगरातल्या एका भट्टीत ओतले गेले आणि वर बाभळीच्या पट्ट्या कोडोलीच्या एका सुताराने ठोकल्या. बसायला चार, टेकायला दोन.

सुरुवातीला माझा मान मोठा होता. आया माझ्यावर बसून पोरांना भात भरवायच्या. स्थळं बघायला आलेली मंडळीही आधी इथेच टेकायची. माझ्यावर बसून तीन लग्नं जमली. त्यातलं एक पुढे मोडलं, पण त्यात माझा दोष नव्हता.

मग रंग उडाला. एक खिळा वर आला आणि त्याने बऱ्याच विजारी फाडल्या. लोक मला टाळू लागले. टिकल्या फक्त तानाबाई. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे झिजलेले. समोरच्या घरातून काठी टेकत रोज दुपारी चारला त्या यायच्या, खिळा चुकवून बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायच्या. घरी सून-मुलगा कामावर. दिवसभरातलं त्यांचं बोलणं एवढंच.

गेल्या वर्षी बागेत चालण्यासाठी ट्रॅक करायचा असं महापालिकेने ठरवलं. क्रांती नावाच्या इंजिनियर मॅडम आल्या, टेप धरला आणि कामगाराला चुन्याच्या फक्कीने रेघ मारायला सांगितली. कामगार फार इमानदार होता. रेघ माझ्यापाशी आली तरी तो थांबला नाही. माझ्या चारही पट्ट्यांवरून फक्की सोडत तो सरळ पलीकडे गेला. दुपारी तानाबाई बसल्या आणि लुगड्यावर पांढरा पट्टा घेऊन घरी गेल्या.

संध्याकाळी माझ्याभोवतीच बैठक भरली. सगळ्यांत मोठा विरोध जोतीरामकाकांचा. साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर त्यांची हयात गेली होती, त्यामुळे मोजल्याशिवाय ते कशावरच विश्वास ठेवत नसत. त्यांचं म्हणणं, ट्रॅक झाला की सगळं गाव इथं लोटणार. श्रीपाल यांचं स्वयंपाकघर बागेच्या भिंतीला लागून होतं. आपण रोज काय खातो ते चालणाऱ्या प्रत्येकाला कळेल, ही त्यांची काळजी. कुणाला पापड वाळवायची जागा जाईल असं वाटत होतं. एक गृहस्थ म्हणाले, ट्रॅक हवाच, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. फक्त तो घराजवळ हवा, तिथवर चालत जावं लागू नये.

बाजूने बोलल्या त्या विजयमालाबाई, निवृत्त शिक्षिका. त्या रोज सकाळी रस्त्यावर चालायच्या आणि दोन वेळा मोटरसायकलचा आरसा त्यांच्या कोपराला लागला होता. तिसऱ्यांदा आरशावर निभावणार नाही, असं त्या शांतपणे म्हणाल्या.

मॅडमनी सगळं लिहून घेतलं. शेवटी म्हणाल्या की बाक मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीजवळ हलवू. याला मात्र सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या. मित्रांनो, एकतीस वर्षांत या लोकांचं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते माझ्याविरुद्ध होतं.

तेव्हा तानाबाई बोलल्या. "पोरी, माझ्या दारापास्नं हितंवर माझा दम पुरतोय. त्या कोपऱ्यापतोर न्हाय पुरत."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी वही मिटली आणि सांगितलं, "महिनाभर खोदाई नको. तुम्ही सगळे आधी चालून बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयमालाबाई पाच-सहा जणांना घेऊन आल्या. जोतीरामकाका बाहेरची माणसं मोजायला फाटकापाशी उभे राहिले. पण फाटकातून मागचा भाग दिसेना, म्हणून ते चालणाऱ्यांच्या मागून निघाले. मागून तोंडं दिसेनात, म्हणून पुढे जाऊ लागले. दुसऱ्या आठवड्यात तर कुणी नजर चुकवून आधी येऊ नये म्हणून ते सगळ्यांच्या आधी हजर. संध्याकाळीही तेच. त्यांची विजार ढिली झाली. साखर उतरली, असं त्यांच्या बायकोने विजयमालाबाईंना सांगितलं. काका म्हणाले, गोळी बदललीय.

आणखी एक गंमत झाली. रेघेवरून कुणीच चालेना. श्रीपाल यांच्या घरी सकाळी मिरचीची फोडणी पडायची, तिच्या ठसक्याने सगळे भिंतीलगतची रेघ सोडून दहा पावलं लांब सरकायचे. माझ्यापाशी आले की वळसा घालायचे, आणि वळता वळता थोडं टेकायचे. तानाबाईंना हे कळलं तशा त्या सकाळीही येऊ लागल्या. महिन्यात त्यांना कॉलनीतल्या सगळ्यांची दुखणी तोंडपाठ झाली.

महिन्याने मॅडम आल्या तेव्हा फक्की उडून गेली होती. पण गवतात एक स्वच्छ पायवाट उमटली होती, भिंतीपासून लांब आणि माझ्याभोवती वळलेली. मॅडम ती पूर्ण चालल्या, मग तानाबाईंशेजारी बसल्या. त्यांनी विचारलं, बाहेरचे किती आले?

"दोन पावणं," जोतीरामकाका म्हणाले. "त्यातला एक पत्ता इचारायला आलता."

"आणि वाट किती लांब आहे?"

"तीनशे बारा पावलं. माझी."

"म्हणजे काका, तुम्हीपण चालता?"

"चालत न्हाय," काका म्हणाले. "पाळत ठेवतोय."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वहीत वाटेचं चित्र काढलं, आणि पावसाळ्यानंतर त्याच वाटेवर मुरूम पडला. विजयमालाबाईंचं कोपर वाचलं. श्रीपाल यांची भाजी गुप्त राहिली. पापडांना उन्हाची जागा मिळाली. आणि मी जिथल्या तिथे राहिलो.

परवा विजयमालाबाईंनी माझा खिळा ठोकवून घेतला आणि स्वतः हिरवा रंग दिला. 'रंग ओला आहे' अशी पाटी आणायला त्या घरी गेल्या. तेवढ्यात जोतीरामकाका आले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून ते घटकाभर टेकले, उठले आणि पुढे चालू लागले. पांढऱ्या विजारीवर चार हिरवे पट्टे. मागून अख्खी बाग चालत होती. तानाबाईंनी पदर तोंडाला लावला.

मित्रांनो, माझी विनंती लहानशीच आहे. बागेत नवं जरूर करा. पण रेघ मारण्याआधी जुन्या वस्तूवर रोज कोण बसतं, आणि त्याचा दम कुठवर पुरतो, ते एकदा बघा. आमचे वर आलेले खिळे वेळच्या वेळी ठोका. आणि रंग द्यायला येताना पाटी आधी आणा.