अर्धी भिंत

तपासणीच्या मॅडम गुरुवारी दुपारी येणार होत्या, आणि बुधवारी संध्याकाळी इस्त्रीवाली घरी पोचली तर समोरची भिंत पांढरीशुभ्र! आता दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर बाईनं नवऱ्याचं कौतुक केलं असतं. हिनं कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, काय केलंत हे?"

नवरा त्याच भिंतीलगतच्या खाटेवर उशांच्या ढिगाला टेकून बसला होता. नाकात नळी, ओठ निळसर, आणि चेहऱ्यावर मात्र लग्नाच्या वेळीही नव्हता एवढा आनंद. बोलायला दम नव्हता, म्हणून त्यानं नुसती भुवई उडवून भिंतीकडे दाखवलं. कशी झालीय?

नवरा रंगारी. बावीस वर्षं त्यानं लोकांची घरं रंगवली. छताजवळची रेघ अशी सरळ ओढायचा की लोकांनी त्याचं नावच ओळंबा ठेवलं. पट्टी नाही, दोरी नाही, नुसता हात. पण घासलेल्या भिंतींची धूळ आणि रंगाचा वास बावीस वर्षं छातीत साठत गेला आणि शेवटी फुप्फुसांनी हात टेकले. आता तो श्वास घ्यायचा तो मशिनच्या जिवावर. मशिन भाड्याचं, खाली चाकं असलेली ती खाटही भाड्याची. दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं. दुकानदार माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही पोट होतं. "सोमवारपर्यंत अनुदानाचा मंजुरीचा कागद दाखवा, नाहीतर मशिन उचलतो," असं त्यानं सांगून टाकलं होतं. मशिन उचललं तर नवरा किती दिवस काढेल हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नव्हतं. काही गोष्टी विचारायच्या नसतात.

आजारानं काम सुटलेल्यांना मिळणाऱ्या त्या सरकारी अनुदानासाठी तिनं कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. पहिल्या खेपेला फोटो जुना निघाला. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांच्या दाखल्यावरचा शिक्का पुसट. तिसऱ्या खेपेला सगळं बरोबर होतं, तर खिडकीच बंद! बुधवारी ती सकाळी आठला गेली ती संध्याकाळी परतली. पण काम झालं. आता फक्त आधीच ठरलेली गुरुवारची घरची तपासणी उरली होती. कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणारे काका होते, त्यांनी तिला बजावलं होतं, "पोरी, घर आहे तसं दाखव. नटवू नकोस. त्यांचा एकच प्रश्न असतो, माणूस आपलं काम करू शकतो का? होय म्हटलं की संपलं."

आणि इथं या बाबानं अख्खी भिंत रंगवून ठेवली होती.

"अहो, पण का? कुणी सांगितलं होतं?"

"पापुद्रे निघाले होते," नवरा थांबत थांबत म्हणाला. "सरकारी माणूस घरी येणार. रंगाऱ्याचं घर... आणि भिंत अशी?"

तिला त्याचा गळा धरावासा वाटला आणि त्याच गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काहीच केलं नाही. रॉकेलच्या बोळ्यानं त्याची बोटं पुसली, बादली नि ब्रश शेजारणीकडे नेऊन टाकला आणि रात्रभर कूस बदलत राहिली. रंग काय, पुसून थोडाच जातो!

मॅडम वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला, पायांवर सूज. त्यांनी पाणी घेतलं, खुर्ची ओढली, कागद मांडीवर ठेवले आणि सगळ्यात आधी भिंतीकडेच पाहिलं.

"नुकतीच रंगवलेली दिसतेय."

"मी रंगवली," इस्त्रीवाली पटकन म्हणाली. "यांचं बघून बघून शिकले."

मॅडमनी चष्मा चढवला. छताजवळची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. "छान हात आहे तुमचा," त्या म्हणाल्या. खाटेवर नवऱ्याचा श्वास एकदम जोरात वाजला. आपल्या शेवटच्या भिंतीचं श्रेय बायको घेतेय आणि आपण मुकाट्यानं ऐकतोय, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. तिनं डोळ्यांनीच त्याला दटावलं. गप्प बसा. तुमच्या पाया पडते, गप्प बसा.

तो बसलाही गप्प. पण मग अंगठ्याची वेळ आली. मॅडमनी शाईची डबी उघडली, त्याचा अंगठा हातात धरला आणि तशाच थांबल्या. नखाच्या कडेला पांढरी कोर होती. रॉकेल तिथवर पोचलंच नव्हतं.

"ताई," मॅडम हळूच म्हणाल्या, "खोटं कशाला बोलायचं?"

इस्त्रीवालीनं हात जोडले. "मॅडम, एकच दिवस हो! एक भिंत! आधी दिवसाला दोन खोल्या उरकायचे. मला शिक्षा करा, त्यांना नका करू. सोमवारी मशिन जाईल हो."

"मला कळतंय. पण कागदावर दोनच रकाने आहेत. होय आणि नाही. किती वेळ लागला, किती दम लागला, हे लिहायला जागाच नाही. रंगाऱ्यानं भिंत रंगवली, तर मी काय लिहू?"

त्यांचं पेन 'होय'वर टेकलं. अर्धी खूण उमटलीसुद्धा.

"थांबा," नवरा म्हणाला. मग बायकोकडे वळून, पण तिच्याकडे न बघता, "अगं, उशा काढ. खाट पुढं ओढ."

"कशाला?"

"ओढ म्हणतो ना!"

तिनं उशा उचलल्या. चाकांवरची खाट त्याच्यासकट पुढे सरकली आणि मागची भिंत उघडी पडली. वरून कमरेच्या उंचीपर्यंत पांढरा रंग आला होता आणि तिथंच संपला होता. खाली तेच जुने पापुद्रे, तोच ओलसर डाग. संपला होता तोही सरळ नव्हे. ब्रश वेडावाकडा घसरत गेला होता, ओघळ जमिनीपर्यंत आले होते, आणि त्या ओघळांत पांढऱ्या पंजाचा एक ठसा होता. माणूस पडता पडता भिंतीला धरतो, तसा.

"इथं दम गेला," तो म्हणाला. "मग खाट लावली आडवी. चादर खालपर्यंत सोडली. उशा रचल्या. दिसू नये म्हणून." थोडं थांबून श्वास गोळा केला. "बावीस वर्षांत अर्धी भिंत सोडून उठलो नाही, मॅडम. एकदाही नाही."

हे तिलाही ठाऊक नव्हतं. सगळ्या जगापासून लपवलेली गोष्ट त्यानं कालपासून तिच्यापासूनही लपवली होती. आता तिला तिकडे बघवेना.

मॅडम उठल्या. सुजलेल्या पायांनी भिंतीपर्यंत गेल्या, वाकून तो पंजा पाहिला. परत येऊन 'होय'वरची खूण खोडली, शेजारी सही केली आणि दुसऱ्या रकान्यात लिहिलं.

"मोठ्यानं वाचा ना," नवरा म्हणाला.

"कशाला उगीच?"

"वाचा."

"अर्जदार आपला व्यवसाय करू शकतो का," मॅडमनी वाचलं. "नाही."

त्यानं मान हलवली आणि अंगठा पुढे केला. कागद शनिवारी मिळेल असं मॅडम म्हणाल्या, दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी होईल हेही सांगितलं. इस्त्रीवाली आभार मानत त्यांना दारापर्यंत सोडायला गेली. सोमवार टळला होता. मशिन राहणार होतं, माणूस राहणार होता.

आत येऊन तिनं पदरानं डोळे पुसले आणि त्याची लाज झाकावी म्हणून घाईघाईनं खाट पुन्हा भिंतीला लावायला लागली. त्यानं तिच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे तशीच," तो म्हणाला. "सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावी लागेल."