एकाच जागचा डाग

रुचिकाचा नववा फोटो परत आला, त्या दिवशी ती मोहाडीच्या तहसील कचेरीसमोरच्या सेतू केंद्रात कुणाच्या तरी जातीच्या दाखल्याचा अर्ज भरत होती. फोनवर गॅलरीचा मेल दिसला, पण तिने तो उघडला नाही. पाच वाजता घरी आल्यावर, चहा टाकून झाल्यावर उघडला.

ती विमानांचे फोटो काढायची. दोन वर्षांपूर्वी शहापूरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून तिने जुना कॅमेरा घेतला होता. रविवारी तुमसर रोडहून गाडीने गोंदियाला जायची, आणि तिथून पुढे बिरसीला. तिथे वैमानिकाचं शिक्षण घेणारी मुलं छोटी पांढरी विमानं उतरवायची आणि लगेच पुन्हा उडवायची. धावपट्टीपासून बऱ्याच दूर, शेताच्या बांधावर, एका धुऱ्यावर उभं राहून ती फोटो टिपायची आणि ते एका ऑनलाइन गॅलरीकडे पाठवायची. जगभरातले लोक तिथे विमानांचे फोटो पाठवत, आणि प्रत्येक फोटो कुणीतरी तपासत असे. विमान चौकटीच्या मधोमध हवं, क्षितिज सरळ हवं, शेपटीवरची नोंदणीची अक्षरं वाचता यायला हवीत, आकाशात डाग नकोत. यातलं काही चुकलं की फोटो परत यायचा, सोबत एका ओळीत कारण.

तिचे वडील भैय्यालाल यांनी विणकरांच्या सोसायटीत एकतीस वर्षं कापड तपासलं होतं. मोहाडीतल्या मागांवरून उतरलेली कोसा रेशमाची लुगडी त्यांच्या टेबलावर यायची. ते एकेक लुगडं खिडकीच्या उजेडात धरायचे आणि खोट दिसली की कोपऱ्यावर निळी खूण करून परत करायचे. आता गुडघ्यांमुळे ते घरीच असत. रुचिकाची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात दोघंच होती आणि बोलणं भाजी, औषध, गॅसची टाकी एवढ्यावर आलं होतं.

त्या संध्याकाळी तिचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. तिने सांगितलं. फोटो परत आल्याचं त्यांना नवल वाटलं नाही, पण कारणाचं वाटलं.

"कारण लिहून देतेत?"

"हो. आकाशात डाग आहे, आणि उन्हाच्या झळांनं विमानाच्या कडा हालल्या म्हणतेत."

त्यांनी चष्मा पुसला आणि लॅपटॉपसमोर खुर्ची ओढली. तिने नववा फोटो दाखवला. बराच वेळ पाहून ते म्हणाले, मागचा दाखव. मग त्याच्या मागचा. सगळे नऊ पाहून झाल्यावर त्यांनी पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्याजवळ बोट ठेवलं. तिथे एक फिकट राखाडी ठिपका होता. रुचिकाला तो दूरचा पक्षी वाटायचा.

"पाखरू दरवेळेस एकाच जागी कसं येईन?" ते म्हणाले. "विणणाऱ्याचा हात चुकला तर खोट जागा बदलवते. मागाच्या फणीचा दात वाकडा असला का लुगडंभर एकाच जागी रेघ पडते. हा तुह्या हाताचा दोष नाही, बेटा. कॅमेऱ्याच्या पोटात काही बसलं आहे."

तिने शहापूरला जाऊन कॅमेरा उघडून घेतला. आतल्या काचेवर धुळीचा एक कण होता. फोटोग्राफरने रबरी फुग्याने हवा मारून तो उडवला. राहिला झळांचा प्रश्न. त्यासाठी जानेवारीतल्या सकाळी जायचं तिने ठरवलं. भैय्यालाल म्हणाले, मीबी येतो.

दोघं बिरसीला पोचली तेव्हा धुकं होतं. धान कापून झालेल्या बांधीत नुसती खुंटं उरली होती आणि पलीकडची तलावाची पार, तो लांबलचक मातीचा बांध, अजून दिसत नव्हती. रुचिकाने धुऱ्यावर चादर अंथरली. धुकं हटायची वाट पाहताना भैय्यालालनी आपण होऊन सत्यभामाबाईंची गोष्ट काढली.

सत्यभामाबाई त्यांच्याच मोहल्ल्यातल्या विणकर. बारा वर्षांपूर्वी त्यांची लागोपाठ तीन लुगडी भैय्यालालनी परत केली होती. तिन्हींत काठापासून चार बोटांवर एकच बारीक रेघ. कारण सांगायची सोसायटीत पद्धत नव्हती. तिसऱ्या वेळी त्या टेबलासमोर उभ्या राहिल्या, आणि यांनी पुढचं लुगडं उचललं. त्यानंतर सत्यभामाबाईंनी माग मोडला आणि बिड्या वळायला लागल्या.

"फणीच होती. मले दिसलं होतं," ते म्हणाले.

"मंग काहून नाही सांगितलं, बाबा?"

त्यांनी पायाजवळची माती उगाच चिमटीत घेतली. "मले कोणी विचारलं नाही, असं मी इतके वर्षं म्हणून राहिलो. पण ते बाई विचारतच होती ना. तशी उभी राहिली होती."

रुचिकाने चादरीचं टोक त्यांच्या गुडघ्यांवर ओढलं.

साडेआठच्या सुमारास धुकं उचललं आणि विमानाचा आवाज आला. तलावाची पार आता सरळ रेघेसारखी दिसत होती. तिने चौकट त्या रेघेशी जुळवली. विमान उतरलं, उठलं, पुन्हा फिरून आलं. तिने चाळीस फोटो काढले आणि त्यांतला एकच पाठवला.

नवव्या दिवशी उत्तर आलं. फोटो स्वीकारला होता. पांढरं विमान, शेपटीवरची स्पष्ट अक्षरं, आणि खाली तिचं नाव. भैय्यालालनी ते नाव तिला दोनदा वाचायला लावलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग उठून चपला शोधू लागले आणि म्हणाले, सत्यभामाबाईच्या घरी नेऊन दे मले.

सत्यभामाबाई अंगणात सूप मांडीवर घेऊन तेंदूची पानं कापत होत्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी खुर्ची पुढे केली, पण भैय्यालाल बसले नाहीत.

"सत्यभामाबाई, तुमच्या तिन्ही लुगड्यांत खोट फणीची होती. हाताची नव्हती. मले तवाच दिसलं होतं. मी सांगितलं नाही."

कात्री थांबली. "हाताची नव्हती?"

"नाही."

त्यांनी सूप खाली ठेवलं. सासू म्हणायची हात बिघडला, नवरा म्हणायचा, आणि मग त्यांनीही तेच मानलं, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. नंतर म्हणाल्या, "तवा सांगतलं असतं तर दात बदलवला असता, भाऊ. अर्ध्या दिवसाचं काम होतं."

"हो," भैय्यालाल म्हणाले.

सत्यभामाबाई उठून आत गेल्या. रुचिकाला वाटलं, आता त्या बाहेर येणार नाहीत. पण त्या आल्या, हातात एक पिवळसर लुगडं घेऊन. तिसरं लुगडं. मुलीच्या लग्नात नेसल्या होत्या. भैय्यालालनी ते दाराच्या उजेडात धरलं आणि काठापासून चार बोटांवर नख ठेवून रेघ दाखवली. इतक्या वर्षांत सत्यभामाबाईंना ती कधी नीट दिसली नव्हती. त्या वाकून पाहत राहिल्या. मग भैय्यालालनी उरलेल्या कापडावरून तळहात फिरवला.

"बाकी सारं निर्मळ आहे," ते म्हणाले. "असा हात मोहाडीत दुसरा नव्हता."

सत्यभामाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि रुचिकाला सांगितलं, आत जाऊन चहा ठेव, पत्ती चुलीजवळच्या डब्यात आहे. रुचिका आत गेली. चहाला उकळी येईपर्यंत अंगणातून सत्यभामाबाईंचा आवाज येत होता. कोसा कुठून आणला होता, तो पिवळा रंग कसा उतरला, काठाचं नक्षीकाम कुणाकडून शिकल्या. भैय्यालाल आता खुर्चीवर बसले होते आणि एकेक विचारत होते.