पहिली सही माझी

साहेब, माझ्या सुनेला तुम्ही नेलं. दुसऱ्या कुणी नाही, तुम्हीच. मंगळवारी सकाळी नऊला, तव्यावर भाकरी असताना. "दोन तासांत सोडतो, नुसती चौकशी हाय," म्हणालात. त्याला आता पाच महिने झाले.

मी गेणबा. इनामगावच्या अलीकडं घोडनदीच्या काठाला आमचं गाव. कांदा करतो. मुलगा भिमाजी कुरकुंभला औषधाच्या कंपनीत ठेकेदाराकडं पाळीला जातो. पस्तिशी आली तरी त्याला मुलगी मिळेना. आमच्याकडं हे घरोघर आहे. मुलीच्या बापाला जावयाचं शेत पाहिजे, पण शेतात जाणारा जावई नको. शेवटी एक मध्यस्थ म्हणाला, बंगालची मुलगी आहे, गरीब आहे, कामाला वाघ आहे. दौंडच्या स्टेशनावर आम्ही तिला उतरवून घेतली आणि देवळात लग्न लावलं. आमच्या रीतीप्रमाणं भिमाजीनं ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं, सविता. जुनं नाव काय, ते माझ्या बायकोनं विचारलं नाही. मीही नाही.

वर्षभरानं तिला मराठी यायला लागली तेव्हा कळलं, तिचा बंगाल कुंपणापलीकडचा. बांगलादेशातलं सातखिरा. बाप मासे विकतो. कांदाचाळीत कांदा निवडता निवडता तिनं हे सांगितलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

मी म्हटलं, "मग? कांदा निवड. अंधार व्हायला आला."

एवढंच बोललो. पुढं सहा वर्षं कुणी हा विषय काढला नाही. गावाला ठाऊक होतं. शेजारच्या कुशाबाईनं तिला भाकरी थापायला शिकवली, तिनं कुशाबाईला माशाचं कालवण. पिंकी झाली तेव्हा सगळी आळी बारशाला आली होती.

व्यापारी आमचा कांदा बांगलादेशाला पाठवायचा. गाडी भरायच्या आधी सविता एका गोणीवर मार्करनं तिच्या लिपीत दोन ओळी लिहायची.

"कुणाला गं?"

"बापाला."

"त्याला मिळंल व्हय?"

"न्हाई मिळणार, आबा. पण आमच्या दारावरनं तर जाईल."

गेल्या वर्षी पारावर एक वाद झाला. माझा पुतण्या सत्यजीत शिरूरला कॉलेजात शिकवतो. तो म्हणाला, तिकडं युरोपात सत्तावीस देश एकत्र आलेत. एकमेकांना मारून मारून दमले, मग शहाणे झाले. माणूस या देशातून त्या देशात कामाला जातो, लग्न करतो, राहतो. आपण आन् आपल्या शेजाऱ्यांनी हे का करू नये?

पोपटराव तिथं होताच. सरपंचबाईंचा दीर. खुर्ची वहिनीची, कारभार त्याचा. तो म्हणाला, "म्हंजी उद्या पाकिस्तानचा माणूस आपल्या सोसायटीचा चेअरमन!"

"चेअरमन तुम्हीच ऱ्हावा काका. तुम्हाला उठवायची ताकद कुठल्या देशात न्हाई."

पार हसला. मलाही चेव आला. म्हटलं, "आरं, माझा आन् तुझ्या बापाचा बांध चाळीस वर्षं जागंवर राहिना. सख्खं भाऊ आम्ही. आन् तू देशांची मोट बांधतोस?"

सत्यजीत हसला नाही. "बांधाचं भांडण हाय म्हणून काकूनं आमच्याकडं यायचं बंद केलं का, आबा? भांडा की. कोर्टात जा. पण येणं-जाणं चालू ठेवा, एवढंच म्हणतोय मी."

मी "चहा पी," म्हटलं. माझ्या स्वतःच्या घरात दोन देश एका चुलीवर शिजवून खात होते, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी मी त्या पारावर बोललो नसतो. भित्रा मीही आहे.

आता माझी चूक ऐका. तुम्ही ती माझ्या तोंडावर फेकलीच आहे, पण मी माझ्या तोंडानं सांगतो.

आमच्या ग्रामसभेत आधी सह्या होतात, ठराव मागाहून लिहितात. वही फिरते, वरची पानं कोरी सोडलेली असतात. वडीलधारा म्हणून पहिली सही माझी. आणि पहिली सही माझी म्हणून ठराव मांडणारा, सूचक, म्हणून नावही माझंच घालतात. बावीस वर्षं गावातली गटारं, दिवे, बंधारा, स्मशानाचा रस्ता, सगळ्याचा सूचक मी. काय लिहिलं ते मी कधी वाचलं नाही. मला त्यात मान वाटायचा. पहिली सही माझी!

तुमच्या पोलीस ठाण्यात आलो तेव्हा भिमाजी बरोबर होता. मी हात जोडले. तुम्ही कागद माझ्याकडं फिरवला. "गावात राहणाऱ्या परदेशी व्यक्तींचा शोध घेऊन त्यांना हद्दपार करावे. सूचक : गेणबा." खाली माझी सही, मराठी दुसरीत शिकलेल्या वळणाची.

तुम्ही हसून म्हणालात, "आबा, मागणी तुमचीच हाय की."

भिमाजीनं कागद वाचला. माझ्याकडं बघितलं नाही. गाडीला किक मारली आणि मला तिथंच सोडून गेला. मी एसटीनं घरी आलो.

पोपटरावाच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, "वरनं छापील आलं हुतं आबा, समद्या गावांनी केलं. तुमच्या सुनंसाठी न्हवतं ते. त्या गायरानातल्या पत्र्याच्या शेडातल्या लोकांसाठी हुतं."

शेडातली माणसं झारखंडची निघाली. कागदपत्रं चोख. अख्ख्या गावात परदेशी सापडली एकच, माझ्या चुलीपाशी बसलेली.

बाराव्या दिवशी सविताचा फोन आला. तिला आणखी बायकांबरोबर कुंपणापलीकडं भाताच्या खाचरात ढकललं होतं. चिखलात पडली तेव्हा तोंडातून "आई गं" निघालं. पलीकडच्या शिपायांनी ते ऐकलं आणि ही इंडियाची आहे म्हणून दोन दिवस शाळेच्या खोलीत कोंडली. मग गावी गेली. बाप दीड वर्षापूर्वी वारला होता.

"आबा, इथं मला कुणी घेत न्हाई. भाऊ म्हणतो, तुझं नाव काय ते तरी नीट सांग. मी चुकून सविता म्हणते."

पिंकीच्या कानाला फोन लावला. पिंकी फोन दोन्ही हातांनी छातीशी धरून बसली. सिंधू, माझी बायको, तो सोडवायला गेली तर तिला चावली.

भिमाजी रजा टाकून सीमेवर गेला. तिकडं आमच्याच जिल्ह्याच्या कांद्याच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. पलीकडं कुठंतरी सविता उभी होती. फोनवर म्हणत होती, "मी हात वर केलाय, दिसतेय का?" दिसत नव्हती. भिमाजीनं तिच्या साड्यांची पिशवी एका ड्रायव्हरपुढं धरली.

ड्रायव्हर म्हणाला, "भाई, प्याज का कागज है मेरे पास. साड़ी का नहीं है."

पिशवी घेऊन भिमाजी परत आला. दोन दिवस जेवला नाही. माझ्याशी आजही बोलत नाही. ताट पुढं केलं की उठून जातो.

मी ठराव मागं घ्यायचा अर्ज दिला. ग्रामसभा लागली. वही पहिल्यांदा माझ्यापुढं आली, मी म्हटलं, आधी लिहा, मग वाचा, मग सही. एकेक जण उठला. कुणाला गाईचं दूध काढायचं होतं, कुणाची मोटर चालू राहिली होती. माणसं कमी भरली म्हणून सभा तहकूब.

साहेब, माझी चूक मी कबूल केली. मुलगा मला तिची शिक्षा देतोय, ती मी भोगतोय. पण मी न वाचता सही केली. तुम्ही तिला धाडायच्या कागदावर वाचून केली. एक बाई, सात वर्षं इथं नांदलेली, पाच वर्षांच्या मुलीची आई. तिच्याकडनं या देशाला काय धोका होता, ते एका ओळीत लिहा. आणि तिला परत कधी आणता, ती तारीख लिहा. तोंडी सांगू नका. लेखी द्या. मी आता वाचतो.