कोवळ्या उन्हातली छत्री

मित्रांनो, ऐन हिवाळ्यात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना छत्रीवर पैज लागलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? आमच्या आंजी मोठीच्या गल्लीत लागली. नोव्हेंबरची सकाळ, शेकोटी पेटलेली, आणि शेजारचे महादेवराव हात शेकता शेकता ओरडले, "लगन होईपर्यंत? हिवाळाभर डोक्यावर छत्री? अवो वहिनी, आठ दिवस नाई निंघत तुमच्यानं!"

"निंघते," मोहिनी म्हणाली.

"एक दिवस जरी बिना छत्रीच्या उन्हात दिसल्या, तं अख्ख्या गल्लीले पाटोडी-रस्स्याचं जेवण."

"अन् तुमी हारले तं?"

महादेवरावांनी शेकोटीकडं पाहिलं, मग मोहिनीच्या गालांकडं. "मी हारलो तं तव्याची काजळी दोन्ही गालाले फासतो, तुमच्या वांगावानी! अन् हेच छत्री उघडून बाजाराच्या तीन चकरा मारतो. बोला!"

सगळी गल्ली हसली. मोहिनीही हसली, पण पदर गालावर ओढून. मीही हसले. मी म्हणजे तीच छत्री. काळ्या कापडाची, आठ काड्यांची, वाकड्या मुठीची म्हातारी.

माझा जन्म नागपूरच्या एका कारखान्यातला. तिथून मी आले रोहण्याला, अण्णाजी मास्तरांकडं. अण्णाजी म्हणजे मोहिनीचे वडील. मी पहिल्यापासून वांड. बोट खटक्यात पकडायचं, वारा आला की उलटं व्हायचं, आणि पाहुणा आला की मुद्दाम त्याच्या धोतरावर गळायचं, हे माझे धंदे. अण्णाजी रागवायचे नाहीत. म्हणायचे, "हे छत्री नोहे, माही दुसरी पोट्टी होय."

अण्णाजी गेले तेव्हा माहेरच्या बायांनी मोहिनीपुढं भांडी मांडली, आठवण म्हणून हवं ते घे म्हणाल्या. तिनं मला उचललं. मग मात्र नऊ वर्षं मी आंजीच्या घरात दाराजवळच्या खुंटीवर होते. पावसाळ्यात ती रेनकोट घालायची, कारण दोन्ही हात मोकळे लागतात. उंदरानं माझा एक कोपरा खाल्ला, एक काडी तुटली. कोणी माझ्याकडं पाहिलं नाही. मी म्हटलं, चला, संपलं आपलं.

आता त्या वांगाचं सांगते. लेक अपेक्षा पोटात होती तेव्हा मोहिनीच्या दोन्ही गालांवर काळपट डाग उमटले. बाळंतपणानंतर जातील म्हणाले, गेले नाहीत. कपाशीच्या शेतातल्या उन्हानं ते आणखी गडद झाले. "काय सांडलं वं गालावर?" असं बायांनी विचारलं की ती हसून सोडायची. पण बावीस वर्षांत तिनं एकही फोटो काढू दिला नाही. लेकीच्या बारशात नाही, वाढदिवसात नाही, नर्सिंगचं शिक्षण पूर्ण झालं तेव्हाही नाही. फोटोच्या वेळी मोहिनी कायम कोणाच्या तरी चपला नाहीतर पिशव्या सांभाळत असायची.

अपेक्षाचं लग्न फेब्रुवारीत ठरलं आणि पोरगी अडून बसली. "आई, तू माह्या बाजूले उभी नाई राह्यली तं मी स्टेजवर चढतच नाई."

ती आईला वर्ध्याला घेऊन गेली, कातडीच्या डॉक्टरांकडं. डॉक्टर शाल्मली त्यांचं नाव. जाताना मोहिनीनं बाहेरचं ऊन पाहून मला खुंटीवरून काढलं, धूळ झटकली, तुटकी काडी दोऱ्यानं बांधली. दवाखान्यात मला खुर्चीच्या हाताला अडकवलं, म्हणून सगळं मी जवळून पाहिलं.

पहिले पंधरा दिवस नुसती मलमं झाली. मग डॉक्टर म्हणाल्या, "आता पील करू. म्हणजे चेहऱ्यावर हलकं ॲसिड लावायचं."

मोहिनी खुर्चीतून अर्धी उठली. "ॲसिड? नाई वं माय! संडासात टाकतेत थे?"

"ते नाही हो," डॉक्टर हसल्या. "हे उसात असतं त्या जातीचं. किती कडक घ्यायचं, किती मिनिटं ठेवायचं, हे तुमची कातडी पाहून मी ठरवणार. बाटली मागवून घरी करायचं काम नाही हे. यानं कातडीचा अगदी वरचा जुना थर सैल होतो आणि चार-सहा दिवसांत कोंड्यासारखा सुटतो. आपोआप सुटू द्यायचा. नखानं ओढायचा नाही. हळद, लिंबू, बेसन, काही काही लावायचं नाही."

"एका खेपेत जाते का वांग?"

"नाही. तीन-चार खेपा, मधे तीन-चार आठवडे सोडून. पूर्ण जाईल असं मी म्हणत नाही. फिकं होईल. पण उन्हाला फार जपावं लागेल. खालून येते ती कातडी तान्ह्या बाळासारखी असते. तिला ऊन लागलं तर ती चिडते, पहिल्यापेक्षा काळी पडते. मी देते ते मलम दर दोन-तीन तासांनी लावा, आणि सावली सोडू नका." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "ही छत्री तुमचीच ना? हिला सोडू नका."

मित्रांनो, औषधात माझं नाव! मी अशी फुगले की दोऱ्यानं बांधलेली काडी पुन्हा निसटली.

डॉक्टरांनी डोळ्यांवर ओला कापूस ठेवला आणि लहानशा ब्रशनं पाण्यासारखं काहीतरी गालांवर फिरवलं. नजर घड्याळावर. मोहिनी म्हणाली, "मुंग्या चावल्यावानी लागते." डॉक्टर म्हणाल्या, "तेवढं चालेल. जाळ वाटला तर लगेच सांगा." काही मिनिटांतच सगळं धुऊन टाकलं. इतकंच. आणि दुसऱ्याच सकाळी ती शेकोटीवरची पैज लागली.

मग काय मजा! मोहिनीचा नवरा प्रेमदास कारंजा गावाजवळच्या ढाब्यावर भट्टी सांभाळतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. म्हणजे शेत मोहिनीकडं. ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मला उघडून उभी राहायची आणि वेचणीच्या बाया पदरात हसायच्या. पोट्टे ओरडायचे, "काकू, पाऊस कुठी आहे वं?" महादेवराव रोज दारातून विचारायचे, "काय म्हणता वहिनी, गारा पडून राह्यल्या का?" मी त्यांच्याकडं पाहून मुद्दाम डुलायचे.

दुसरं पील झालं आणि डिसेंबर संपता संपता वांग निम्मं उतरलं. एक दिवस मोहिनी कपाटाच्या आरशापुढं उभी राहिली. पदर खांद्यावर, गाल मोकळे. उजवा हात हवेत असा धरला, जसा कोणाच्या खांद्यावर ठेवावा. "अपेक्षाच्या डाव्या बाजूले उभी राह्यते," ती स्वतःशीच म्हणाली. "थ्या बाजूनं बरी दिसते मी."

जानेवारीत तिसरं पील झालं. लग्नाला पंचवीस दिवस उरले होते आणि महादेवरावांना बाजारातल्या तीन चकरा दिसायला लागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मोहिनी चुलीपाशी होती. ते पाय न वाजवता आले, खुंटीवरून मला उचललं आणि आपल्या घरात समोरच्या खोलीत कापसाचा ढीग होता त्यात खोल खुपसलं.

खोटं कशाला सांगू, मला मजा वाटली. कापूस ऊबदार होता. म्हटलं, शोधू दे थोडी, मग हे मला काढतील, सगळे हसतील.

मग भिंतीपलीकडून आवाज आला. "आनंदाबाई, माही छत्री पाह्यली का? बाबाची छत्री? इथंच होती वं!"

आनंदाबाई म्हणजे महादेवरावांची बायको. तिला काहीच माहीत नव्हतं. ती बिचारी खाटेखाली वाकून पाहू लागली.

"बाया शेतात पोचल्या असतीन," मोहिनी म्हणाली. आवाज रडवेला झाला होता. "कशी जाऊ आता?"

तेव्हा महादेवराव बोलले, आणि मित्रांनो, ते मनापासून बोलले. "अवो, हे का ऊन होय? हिवाळ्याचं कोवळं ऊन हे. लहान लेकराले तेल लावून याच उन्हात टाकतेत ना? जा खुशाल."

मोहिनीनं दाराबाहेरच्या उन्हाकडं पाहिलं. "डॉक्टर बाईबी म्हणे, बाळावानी कातडी आहे म्हणून," ती म्हणाली. "बाळाले चालते, तं मलेबी चालन."

मी आतून खटका दाबून पाहिला. पुन्हा दाबला. कापसात छत्री उघडत नाही, मित्रांनो.

मला मागून कळलं, त्या दिवशी वेचणीला एक बाई कमी आली. मोहिनीनं स्वतःच कमरेला ओटी बांधली. दोन्ही हात बोंडांत, पदर घसरला तरी ओढायला हात नाही. सकाळी लावलेलं मलम घामानं गेलं. चार वाजेपर्यंत ती वेचत होती.

संध्याकाळी महादेवरावांनी मला ढिगातून ओढलं, उघडलं, आणि काड्यांना लागलेल्या कापसासकट नाचत मोहिनीच्या दारात गेले. "हारल्या वहिनी, हारल्या! काढा पाटोडी!"

मोहिनी ओसरीत बसली होती. गाल लालभडक, सुजलेले. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती रडत नव्हती. महादेवरावांचे पाय जागच्या जागी थांबले.

"सापडली?" मोहिनी म्हणाली. "कुठी होती भाऊजी?"

"कापसात... पडली होती."

"देव भलं करो तुमचं," ती म्हणाली आणि मला छातीशी धरलं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याच तोंडानं चुलीपुढं बसून गल्लीभर पाटोडी-रस्सा वाढला. पैज ती पैज. महादेवरावांनी एक घास घेतला आणि बराच वेळ तो तोंडातच ठेवला.

आठवड्यात लाली गेली आणि खालून काळं आलं, पहिल्या वांगापेक्षा गडद. डॉक्टर म्हणाल्या, "हे उतरेल, पण महिने लागतील. थोडं राहीलही. लग्नाआधी नाही उतरणार. बाळाचं मी तसं बोलायला नको होतं." मोहिनीनं मान हलवली. परत येताना एसटीत तिनं मला उघडलं आणि माझ्यामागं तोंड करून बसली. कंडक्टर म्हणाला, "काकू, बसमधे छत्री कायले?" मग वाकून पाहिलं आणि काही न बोलता पुढं गेला.

लग्नात अपेक्षा स्टेजवर खरंच चढेना. मोहिनीनंच तिला दंडाला धरून वर नेलं आणि फोटोवाल्यानं कॅमेरा उचलला तशी बाजूला सरकली. अपेक्षा मागं वळून "आई" म्हणाली, तेवढ्यात फोटो निघाला. अल्बममध्ये मोहिनी आहे, मित्रांनो. अपेक्षाच्या डाव्या खांद्यावर हिरव्या बांगड्यांचा एक हात आहे. बाकी मोहिनी फोटोच्या कडेबाहेर.

जुन्या वस्तूंनी शेवटी सांगायचं असतं, आम्हाला जपा. मला उंदीर खाऊ दे, माझं काही नाही. पण नव्या कातडीला हिवाळ्याचं ऊनही ऊनच असतं, एवढं ध्यानात ठेवा. आणि कोणाची गंमत करायची तर आधी पाहा, तो माणूस त्या वेळी कशाच्या आधारानं उभा आहे. ती गोष्ट तेवढी लपवू नका. हे मी तुम्हाला सांगते, कारण कापसात बसून मीच हसले होते.

लग्नानंतरच्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, महादेवराव दारात आले. मोहिनी बाजारात गेली होती, नेहमीसारखी पदर नाकापर्यंत ओढून. आता काय जपायचं, म्हणून मला तिनं खुंटीवरच ठेवलं होतं. त्यांनी मला काढलं. या वेळी मोहिनीचं घर राखत बसलेल्या आनंदाबाईला सांगून काढलं. मग तव्याची काजळी दोन्ही गालांना फासली आणि बाजाराच्या तोंडाशी मला उघडलं.

पहिल्या चकरेला सगळा बाजार हसला. पोट्टे मागं लागले. कोणी म्हणालं, "अबे बयताडा, पैज तं तू जिंकला ना!" दुसऱ्या चकरेला हसू कमी झालं, कारण ते स्वतः हसत नव्हते. तिसऱ्या चकरेला ते सांबार-मेथीच्या, म्हणजे कोथिंबीर-मेथीच्या दुकानापाशी थांबले. तिथं मोहिनी उभी होती.

"मी हारलो," महादेवराव मोठ्यानं म्हणाले. "आयका सारे. छत्री हरपली नोहती. मीनंच लपवली होती."

भाजीवालीचा हात तराजूवरच राहिला. मोहिनी त्यांच्याकडं पाहात होती, त्यांच्या काळ्या गालांकडं. मग तिनं हात वर केला. तिचा पदर घसरला आणि तिनं तो सावरला नाही. मला वाटलं, आता ती मला हिसकून घेणार. तिनं माझी दांडी धरली आणि नुसती सरळ केली.

"नीट धरा भाऊजी," ती म्हणाली. "गालावर ऊन येऊन राह्यलं."

मग सांबाराची जुडी पिशवीत टाकली आणि भर उन्हातून, उघड्या तोंडानं, ती घराकडं चालू लागली. मी महादेवरावांच्या डोक्यावर उघडी होते, आणि माझी सावली तिच्यापर्यंत पोचत नव्हती.